चिमणीचा घास चिमणीलाच मिळावा म्हणून

गावाकडून पिंपळे गुरवला निघालेल्या पिशवीत काय काय असते, हे आपल्या घरच्या बायकांना वेगळे सांगायला नको. ज्वारीचे पीठ, निवडलेली बाजरी, घरची हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, कारळाची चटणी. लातूर, बीड, सोलापूर, जळगाव, बुलढाणा अशा कुठल्याही जिल्ह्यात जा, पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, भाऊ किंवा जावई भोसरीला, पिंपरीला नाही तर चाकणला कामाला असतो आणि सांगवी, पिंपळे गुरवच्या बाजूला दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहत असतो. त्या पिशवीत या खेपेला बाजरीची सात-आठ कणसे, न झोडलेली, देठासकट घाला. माणसांसाठी नव्हे, चिमण्यांसाठी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही इकडे माळ्यावर उभे राहून गोफण फिरवून चिमण्या हाकलतो आणि तुम्ही त्यांना कणसे पोचवायला सांगता! तुमचे म्हणणे खोटे नाही. बाजरी दाण्यात आली की चिमणीचा थवा काय करतो ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पण हाच हिशेब धरून चीनने १९५८ साली देशभर चिमण्या मारण्याची मोहीम काढली होती. थाळ्या बडवून, त्यांना बसू न देता उडवत ठेवून, दमवून मारले. चिमण्या गेल्या आणि किडींना रान मोकळे मिळाले. १९६० साली सरकारने शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढले आणि तिच्या जागी ढेकणाचे घातले. चिमणी दाणे खाते हे खरे, परंतु पिल्लांना ती पहिले काही दिवस अळ्या, मावा, नाकतोड्यांची पिले असेच मऊ खाद्य भरवते. कणसातले दाणे आपल्याला दिसतात. अळ्या मात्र ती खाऊन गेलेली असते, म्हणून दिसत नाहीत.

शेतात चिमणी आहे. ती कमी झाली आहे ती शहरात. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२० साली निघाला, त्यात हेच आढळले. देशाचा एकत्र विचार केला तर पंचवीसएक वर्षांत चिमणी साधारण टिकून आहे, पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या सहा महानगरांत तिची संख्या हळूहळू उतरत गेली. लोक मोबाइलच्या मनोऱ्यावर खापर फोडतात. त्याला ठोस पुरावा पुढे आलेला नाही. कारण शोधायचे तर पिंपळे गुरवसारख्या गावाकडेच बघावे.

पवना नदीच्या काठचे हे गाव. पलीकडच्या अंगाला कासारवाडी आणि दापोडी. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड अशी कारखान्यांची रांग लागली, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि भोवतालच्या गावांतल्या शेतांत इमारती उगवल्या. जुन्या घराला वळचण होती, आढे होते, कौलाखाली बोटभर फट होती, मातीच्या भिंतीत फोटोमागची जागा होती. चिमणीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. दारात गोठा, त्याच्या मागे उकिरडा, म्हणजे किडे मुबलक. खळ्यावर दाणे, गिरणीच्या उंबऱ्यात दाणे, वाण्याच्या पोत्याभोवती दाणे. आता सिमेंटच्या सपाट भिंतीत फट नाही, खिडकीला सरकती काच आणि जाळी, धान्य बंद पिशवीत. गोष्टीतल्या चिमणीचे घर निदान मेणाचे तरी होते, इथे मेणाचेही नाही. गंमत अशी की याच पिंपळे गुरवात डायनासोरची बाग म्हणून ओळखले जाणारे एक उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला प्राणी बघायला मुले हौसेने जातात, आणि ‘चिऊचा घास, काऊचा घास’ करताना आईला दाखवायला चिऊ मात्र सापडत नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण जगभर गेले. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम सुरू केले, त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिवस पाळला गेला आणि तेव्हापासून तो दर वर्षी होतो. मोठे अभयारण्य, मोठा खर्च असले काही त्यात नव्हते. घराबाहेर टांगायची लाकडी पेटी आणि दाणे ठेवायचे भांडे, एवढ्यावरच भर होता. दिल्ली सरकारने तर २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी केले. चिमणीसाठी जंगल राखावे लागत नाही, माणसाच्या भिंतीत चार बोटे जागा मिळाली की पुरते. म्हणूनच हे काम सरकारपेक्षा घरच्या बाईच्या हातात जास्त आहे.

मात्र इथेच एक मोठी खोच आहे, आणि ती समजून न घेता गॅलरीत दाणे टाकणारी माणसे पुष्कळ. ताटलीत ज्वारी ओतून कठड्यावर ठेवली की पहिल्या दिवशी येते ते कबुतर, चिमणी नव्हे. दुसऱ्या दिवशी दहा कबुतरे. पंचवीस ग्रॅमची चिमणी पाव किलोहून जड कबुतरापुढे टिकणार कशी? पुण्य म्हणून घातलेले दाणे कबुतरांची पैदास वाढवतात, आणि त्यांच्या विष्ठेची व पिसांची धूळ रोज श्वासावाटे आत गेल्याने काही माणसांच्या फुफ्फुसांना अशी सूज येते की पुढे ती कायमची निबर होतात. दमेकरी, म्हातारी माणसे, लहान मुले यांनी तर जपलेच पाहिजे. याच प्रश्नावरून जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. त्यावरून वादही पेटला. श्रद्धेचा भाग आपण बाजूला ठेवू, पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जिथे बाळाचे लंगोट त्याच गॅलरीत वाळतात, तिथे कबुतरे जमवणे शहाणपणाचे नाही. गॅलरीत आधीच विष्ठा साचली असेल तर ती कोरडी झाडू नका. तोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून, ओली करून पुसून काढा.

तेव्हा चिमणीसाठी करायचे भांडे हे असे हवे की तिला खाता यावे आणि कबुतराला बसता येऊ नये. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून हे छान जमते.

सर्वांत सोपे म्हणजे ती कणसांची जुडी. आपल्याकडे सुगीनंतर कणसांची जुडी आढ्याला किंवा दाराच्या चौकटीला बांधून ठेवणारी घरे होती. आजी-आजोबांना कुणी पक्षिशास्त्र शिकवले नव्हते, पण त्यांची युक्ती आजच्या विकतच्या भांड्यापेक्षा सरस. सात-आठ कणसे देठाजवळ सुतळीने घट्ट बांधायची, तोंडे खाली सोडून गॅलरीच्या छताच्या हुकाला लोंबकळती टांगायची. चिमणी कणसाला लटकून दाणे टिपते. कबुतराला लटकता येत नाही. ते एकदोनदा फडफडते आणि नाद सोडते. कणीस रिकामे झाले की बुरखुंडा कुंडीत टाकावा. भाताच्या लोंब्या मिळाल्या तर त्याही चालतात, राळ्याची कणसे मिळाली तर फारच उत्तम.

कणसे संपल्यावर काय? तेव्हा पाण्याची लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली घ्या. गोड्या तेलाची बाटली घेणार असाल तर गरम पाणी आणि भांड्याच्या पावडरीने दोनतीनदा धुवा, कारण पिसांना तेल लागले की चिमणीचे पंख चिकटतात. बाटलीच्या तळापासून तीन बोटे वर, समोरासमोर दोन भोके पाडून त्यातून एक काडी आरपार घाला. आइस्क्रीमच्या दोन काड्या जोडून किंवा झाडाची वाळकी, पेन्सिलीएवढी फांदी घेतली तरी चालेल. काडी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटेच बाहेर राहू द्या. मुलांना हौस असते, ती हातभर काडी ठेवतात आणि मग तिच्यावर कबुतर आरामात झोके घेते. काडीच्या वर दीड-दोन बोटांवर, चिमणीची चोच जाईल एवढेच, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे भोक कापा. ते सुरीने कापण्यापेक्षा खिळा तापवून पाडले तर कडा गुळगुळीत होते, पण हे काम मोठ्या माणसाने उघड्या हवेत करावे, कारण वितळत्या प्लॅस्टिकचा धूर वाईट. तळाला दाभणाने चारपाच बारीक छिद्रे पाडा. पावसाचे पाणी आत गेले तर ते निघून जायला हवे, नाही तर दाण्याला बुरशी येते आणि ती चिमणीला बाधते. बुचाला तार ओवून बाटली टांगली की झाले. अर्ध्या तासाचे काम आहे.

कबुतरांचा उपद्रव फारच असेल त्या इमारतीत आणखी एक तोडगा करावा. भाजीची किंवा फळांची जुनी जाळीदार प्लॅस्टिकची परडी घरात पडलेली असते, ती दाण्याच्या थाळीवर पालथी घालून तारेने बांधायची. जाळीची भोके दीड इंचाच्या आसपास असावीत. चिमणी आत-बाहेर करते, कबुतराची मानच तेवढी आत जाते. म्हणून दाणे मधोमध ठेवावेत, कडेला नाहीत. पत्र्याच्या डब्याचे झाकण थाळी म्हणून वापरायचे असेल तर त्याची कडा हातोडीने दुमडून घ्यावी, कारण चिमणीचा पाय कापतो आणि आपलाही.

डबा कुठला घ्यायचा नाही, हेही शेतकऱ्याच्या घरात सांगायलाच हवे. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा, रंगाचा किंवा कारखान्यातून आलेला रसायनाचा डबा कितीही धुतलेला असला तरी वापरू नये. अशा डब्यात पाणी पिऊन माणसे दगावल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, चिमणीचा तर जीव तो केवढा.

दाण्यांच्या बाबतीत याहून जास्त काळजी घ्या. पेरणीतून बियाणे उरते. लाल, गुलाबी, हिरवा, निळा असा रंग चढवलेली मक्याची, बाजरीची, ज्वारीची पाकिटे कोनाड्यात पडून असतात. फुकट जाण्यापेक्षा चिमण्यांना टाकू, असे एखाद्या भल्या माणसाला सहज वाटते. तसे मुळीच करू नका. तो रंग शोभेचा नाही, वर चोळलेल्या औषधाची खूण आहे. पाकिटावर ते खाण्यासाठी वापरू नये असे छापलेलेही असते. थायरमसारखे बुरशीनाशक त्यावर असते, काहींवर इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक असते, आणि चिमणीएवढ्या पाखराला त्याचे थोडेच दाणे पुरे होतात. धुऊनही ते निघून जाते असे समजू नये. कणगीत किंवा कोठीत किडीसाठी विषारी गोळ्या ठेवलेले धान्य, तसेच बोरिक पावडर चोळून ठेवलेली ज्वारी किंवा डाळही या कामाला नको. पिशवीबरोबर पाठवायची कणसे फवारणी न झालेल्या कडेच्या ओळीतली काढा, आणि फवारणी झालेली असेल तर या वर्षी पाठवूच नका.

बाकी खाण्याचे म्हणाल तर बाजरी, तांदळाची कणी, राळे, भरडलेली ज्वारी हे सगळे चालते. कच्चा तांदूळ चिमणीच्या पोटात फुगतो आणि ती मरते, ही समजूत चुकीची आहे. रानात ती कच्चेच धान्य खाते. फरसाण, शेव, मसाल्याचा शिळा भात, खारे शेंगदाणे देऊ नयेत, मीठ तिला सोसत नाही. प्रमाणही थोडेच ठेवावे. एका चिमणीचे दिवसाचे खाणे तोळाभरही नसते. सकाळी मूठभर घाला आणि संध्याकाळी उरलेले काढून घ्या. रात्री दाणे राहिले की उंदीर येतात, आणि मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी भांडण ठरलेले!

पाण्याला नारळाची करवंटी किंवा फुटलेल्या माठाचा तळ यांच्यासारखे भांडे नाही. उथळ असते, खडबडीत असते, त्यामुळे पाय घसरत नाही. दोन बोटांपेक्षा खोल पाणी नको. ते रोज ओतून, भांडे घासून पुन्हा भरा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवड्याभरात डास तयार होतो, तेव्हा पुण्याच्या नावाने घरात ताप आणू नका. जवळ एका पसरट कुंडीत कोरडी बारीक माती ठेवली तर चिमण्या तीत लोळून अंग झाडतात. त्यांना ही धुळीची आंघोळ पाण्याइतकीच आवडते.

एवढे करून चिमणी यायला लागली, तरी ती राहायला आली असे होत नाही. दाणे तिला दुसरीकडेही मिळतात, घरट्याला जागा मिळत नाही. म्हणून दाण्याच्या भांड्याबरोबर एक पेटी हवीच, नाही तर सगळा खटाटोप पाहुणचारापुरता राहतो. भोसरी-चाकणच्या बाजूला यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे मिळतात. त्या फळ्यांवर ठसा असतो. ‘एचटी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड नुसते तापवलेले आहे, ते घ्यावे. ‘एमबी’ असेल तर ते विषारी वायूची धुरी दिलेले आहे, ते सोडून द्यावे. तेलाचे डाग असलेली फळीही नको. साधारण सहा इंच लांब-रुंद आणि नऊ इंच उंच पेटी करावी, समोर वरच्या भागात सव्वा इंचाचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे. दोन बोटे सहज जातील पण मूठ जाणार नाही, एवढे. भोक मोठे झाले की साळुंकी घर बळकावते. भोकापुढे बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याची सोय होते. आतून रंग नको. तळाला दोन बारीक छिद्रे असू द्या.

सुतारकाम जमणारे नसेल तर लहान मडके रात्रभर पाण्यात भिजत घालून, खिळ्याने हळूहळू घासत बुडाला तेवढेच भोक पाडा आणि मडक्याचे तोंड भिंतीला टेकवून तारेने बांधा. छताखाली पाऊस येत नसेल तर बुटाचा पुठ्ठ्याचा खोकाही एक हंगाम निभावतो. पत्र्याचा डबा मात्र घरट्याला नको, उन्हात तो तव्यासारखा तापतो आणि पिल्ले भाजून निघतात. पेटी सात-आठ फूट उंच, मांजराला उडी घेता येणार नाही अशी लावा आणि तोंड पूर्वेला करा, म्हणजे दुपारचे ऊन आणि पश्चिमेचा पाऊस आत शिरणार नाही. खोलीत लावू नका. पंख्याच्या पात्याने किती चिमण्या गेल्या ते आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे.

दाण्याचे भांडे या पेटीपासून थोडे लांब, दुसऱ्या टोकाला असावे, म्हणजे दाण्यासाठी जमलेल्या गलक्यात घरटे करणारी जोडी बिचकत नाही. चिमणी तीन ते पाच अंडी घालते, आणि पिल्ले बाहेर आल्यावर दोनेक आठवडे घरट्यात असतात. त्या दिवसांत तिला दाण्यापेक्षा अळ्या हव्या असतात. म्हणून गॅलरीत एखादे वांग्याचे झाड किंवा तोंडल्याचा वेल लावा आणि त्यावर मावा दिसला तरी औषधाची बाटली काढू नका. चिमणी तो टिपून नेईल. पेटीत डोकावण्याचा मोह मुलांना फार होतो, तो आवरायला लावा.

पहिली चिमणी कधी येईल, हे कुणी सांगू शकणार नाही. कुठे आठ दिवसांत येते, कुठे दोन महिने वाट पाहावी लागते. भांड्याची जागा सारखी बदलू नये आणि दाणे घालण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. ती आल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघायचे असेल तर दाणे एकदम बंद न करता आठवडाभर आधीपासून कमी करत न्यावेत. पाण्याची करवंटी रिकामी करून पालथी घालावी, नाही तर शेजारच्या पोरांकडे रोज बदलायचे काम सोपवावे. कणसांच्या दोन जुड्या जादा बांधून छताला टांगून ठेवल्या तर तेवढे दिवस भागते, आणि परत येताना गावाकडच्या पिशवीत नव्या येतातच.